संशोधनाबरोबर संशोधक घडविणाऱ्या डॉ. कमल रणदिवे

संशोधनासाठी लागणारी उपकरणे परदेशातून मागविता येतात. ती हाताळणारे हात मात्र देशातच घडवावे लागतात. कर्करोग-संशोधक डॉ. कमल रणदिवे (१९१७-२००१) यांची कारकीर्द याची साक्ष देते.

पुण्यात जन्मलेल्या डॉ. रणदिवे यांनी फर्ग्युसन महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र व प्राणिशास्त्राचे आणि पुण्याच्याच कृषी महाविद्यालयात पदव्युत्तर शिक्षण घेतले. पुढे मुंबईत विख्यात विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी १९४९ मध्ये पीएच.डी. संपादन केली. त्यानंतर अमेरिकेतील बाल्टिमोर येथे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात डॉ. जॉर्ज गे यांच्याकडे त्यांनी ऊतिसंवर्धनाचे तंत्र आत्मसात केले. प्रयोगशाळेत अखंड वाढत राहणाऱ्या मानवी पेशींचा पहिला वंश, 'हेला', १९५१ मध्ये डॉ. गे यांच्याच प्रयोगशाळेत तयार झाला होता.

ऊतिसंवर्धन म्हणजे शरीरातून काढलेल्या पेशी काचपात्रातील पोषक द्रवात, शरीराइतक्याच उष्णतेवर जिवंत ठेवून वाढविणे. द्रवातील घटकांचे प्रमाण चुकले किंवा एखादा जंतू आत शिरला, तर अनेक दिवसांचे श्रम वाया जातात. असे कौशल्य केवळ ग्रंथवाचनाने येत नाही. जाणत्याच्या शेजारी बसून ते शिकावे लागते. स्वदेशी परतल्यावर डॉ. रणदिवे यांनी मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. जीवशास्त्र व रसायनशास्त्र शिकलेल्या साहाय्यकांना हाताशी धरून पोषक द्रव व आवश्यक द्रव्येही तेथेच तयार करण्यात आली. अशा कामात अध्यापन आणि संशोधन या दोन गोष्टी वेगळ्या उरत नाहीत.

स्तनांचा कर्करोग, संप्रेरके आणि गाठी निर्माण करणारे विषाणू यांचा परस्परसंबंध त्यांनी उंदरांवरील प्रयोगांतून अभ्यासिला. कुष्ठरोग्यांच्या शरीरातून मिळविलेल्या जंतूंचे त्यांनी सहकाऱ्यांसह संवर्धन केले; त्याच जंतूंपासून पुढे कुष्ठरोगप्रतिबंधक लस विकसित झाली. १९६६ ते १९७० या काळात केंद्राचे संचालकपद त्यांच्याकडे होते. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण किताबाने गौरविण्यात आले.

परदेशी शिकणाऱ्या तरुणांनी मायदेशी परतून आपले ज्ञान येथे उपयोगात आणावे, असा त्यांचा आग्रह असे. शिक्षण घेऊनही घरसंसाराच्या जबाबदाऱ्यांमुळे स्त्रिया विज्ञानापासून दुरावतात, ही हानी केवळ त्यांची नसून समाजाचीही असते. १९७३ मध्ये डॉ. रणदिवे यांनी अकरा सहकाऱ्यांसह भारतीय महिला शास्त्रज्ञ संघटना स्थापन केली. नवी मुंबईतील वाशी येथे या संघटनेने नोकरदार स्त्रियांसाठी वसतिगृह व मुलांसाठी पाळणाघर सुरू केले. डॉ. रणदिवे यांनी १९८९ मध्ये आदिवासी बालकांच्या पोषणस्थितीची पाहणी केली आणि अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील ग्रामीण स्त्रियांना आरोग्यविषयक मार्गदर्शन केले.

संशोधकाचा एखादा निष्कर्ष पुढील प्रयोगाने मागे पडू शकतो. त्याने तयार केलेली माणसे मात्र तो पुढील प्रयोग करण्यास समर्थ असतात. डॉ. रणदिवे यांच्या कार्याचे मोल याच कसोटीवर ठरते.