प्रवाहाला वाट हवी



आम्ही कलाशाखेचे पदवीधर. तेव्हा विद्युत्शास्त्रावर लेखणी चालवणे हे आमच्याकडून धाडसच होय. परंतु यंदा वर्गात महाराष्ट्राचा भूगोल चालू असता एका विद्यार्थ्याने विचारले, ''सर, चंद्रपूरची वीज एकदिश करून मुंबईकडे नेतात म्हणे; मग तिथे ती पुन्हा घरात वापरण्याजोगी कशी होते?'' आम्हांस उत्तर देता आले नाही. पुढे विज्ञान शिकवणाऱ्या सहकाऱ्यांकडून व ग्रंथांतून जे उमगले, ते येथे सांगत आहोत.

चंद्रपूरहून ठाणे जिल्ह्यातील पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटर लांबीची एकदिश प्रवाहाची वाहिनी १९९९ मध्ये सुरू झाली. तिची क्षमता १५०० मेगावॉट. तिच्या एका तारेवर अधिक ५०० व दुसरीवर उणे ५०० किलोव्होल्ट इतका दाब असतो. प्रत्यावर्ती प्रवाह, म्हणजे क्षणोक्षणी दिशा पालटणारा प्रवाह, चंद्रपुरास एकदिश होतो आणि पडघ्यास पुन्हा प्रत्यावर्ती होतो. हे काम करणाऱ्या यंत्रास परिवर्तक म्हणतात.

परिवर्तकांची दोन मुख्य कुळे आहेत. एका कुळात कपॅसिटर विजेचा दाब स्थिर राखतो. त्यास दाब-स्रोत परिवर्तक म्हणावे. दुसऱ्या कुळात तारेचे मोठे वेटोळे प्रवाह स्थिर राखते. तो प्रवाह-स्रोत परिवर्तक. चंद्रपूर-पडघे येथील यंत्रणा या दुसऱ्या कुळातील आहे.

या दुसऱ्या कुळाचा मुख्य नियम आम्ही शाळेत जाण्यापूर्वीच शिकलो होतो. आमच्या कुळागरात पंपाचे पाणी पाटाने पोफळींच्या वाफ्यांत जाई. एकदा दारे धरण्याचे काम आमच्याकडे आले. एक वाफा भरला, म्हणून आम्ही त्याचे तोंड बंद केले; दुसऱ्याचे उघडायचे मात्र राहून गेले. क्षणात पाटाचा बांध फुटला व नुकतीच लावलेली रोपे वाहून गेली. आजोबा रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, ''आदीं उदकाक वाट दी, मागीर बांद घाल.'' आधी पाण्याला वाट दे, मग बांध घाल.

वेटोळ्यातील विजेचेही असेच आहे. जुन्या धाटणीच्या ट्यूबलाइटमध्ये स्टार्टर उघडताच चोकच्या वेटोळ्यातील प्रवाह तुटतो. त्यासरशी शेकडो व्होल्टचा झटका बसून नळी पेटते. लहानशा चोकची ही कथा, तर हजारो अँपियर वाहणारे वेटोळे अकस्मात तोडल्यास काय अनर्थ होईल, याची कल्पना करावी.

म्हणून या परिवर्तकात सहा दारे असतात, तीन वरची व तीन खालची. वरचे दार प्रवाहास बाहेरच्या तीन तारांपैकी एकीत सोडते, खालचे त्यास परत आणते. कोणत्याही क्षणी वरचे एक व खालचे एक दार उघडे असलेच पाहिजे. नवे दार उघडल्यावरच जुने मिटावे. क्षणभर दोन्ही उघडी राहिली तरी चालतात. अशा जोड्या तीन गुणिले तीन, म्हणजे नऊ होतात. त्यांतील सहा जोड्या प्रवाह मोटारीकडे धाडतात. उरलेल्या तिहींत वरचे व खालचे दार एकाच तारेचे असल्याने प्रवाह बाहेर न जाता आतल्या आत फिरतो. जणू पाटाचे पाणी परत विहिरीत सोडावे. दाब-स्रोत यंत्रात हीच जोडी घातक ठरते. येथे मात्र ती विश्रांतीची जागा आहे.

आता प्रत्येक दार आवर्तनाचा एक तृतीयांश काळ सलग उघडे ठेवले, तर प्रवाह लाटेसारखा न होता चौकोनी ठोकळ्यांसारखा निघतो. गंगूबाई हनगल आणि मल्लिकार्जुन मन्सूर यांच्या या जुळ्या शहरात तंबोऱ्याच्या तारेत मूळ स्वरासोबत उपस्वर उमटतात, हे सांगणे नलगे. चौकोनी प्रवाहातही पाचपट, सातपट, अकरापट, तेरापट वारंवारतेचे उपस्वर असतात. गायनात ते गोड लागतात. मोटारीत मात्र ते उष्णता व थरथर उत्पन्न करतात.

यावरील उपाय म्हणजे पल्स विड्थ मॉड्युलेशन. एका ठोकळ्याचे अनेक तुकडे करावयाचे. मधले रुंद, कडेचे अरुंद. तुकड्यांची उंची तीच, परंतु त्यांची सरासरी लाटेसारखी होते. उरलेले हिसके बाहेरच्या तारांमधील कपॅसिटर पचवतात.

रुंदी ठरवण्याच्या तीन रीती प्रमुख आहेत. पहिलीत हव्या असलेल्या लाटेची तुलना जलद त्रिकोणी लाटेशी करतात. दोन्ही जेथे एकमेकींस छेदतात तेथे दार पालटते. दुसरीत दार उघडण्याच्या वेळा आधीच गणिताने अशा निवडतात की पाचवा, सातवा असे ठरावीक उपस्वर नाहीसे व्हावेत. अवजड यंत्रांस ही रीत मानवते. कारण दर उघडझापीस उष्णतेचे मोल पडते व ही रीत थोडक्या उघडझापीत भागते. तिसरीत सहा उपयुक्त जोड्या षट्कोनाच्या सहा दिशा मानतात, आणि हवा असलेला प्रवाह हा त्यांमधून फिरणारा बाण. एक सहस्रांश सेकंद घेतला, तर त्यातील पाच दशांश भाग बाणाच्या एका शेजारणीस, तीन दशांश दुसरीस व उरलेला दोन दशांश विश्रांतीस, अशी वाटणी होते. वाफ्यांच्या पाळ्याच त्या!

मात्र चंद्रपूर-पडघे येथे ही युक्ती वापरलेली नाही. तेथील थायरिस्टर हे दार इशाऱ्याने उघडते, परंतु इशाऱ्याने मिटत नाही. म्हणून तेथे दोन पुलांची अशी जोडणी केली आहे की पाचवा व सातवा उपस्वर परस्परांस मारतात. अकरावा व तेरावा गाळण्यांत अडवतात. इशाऱ्याने मिटणारी दारे निघाल्यावर मोठमोठ्या पंपांच्या व पंख्यांच्या मोटारींसाठी वरील रीती उपयोगात आल्या.

मित्रहो, विजेचे बटण बंद केले की सारे सुरक्षित, असे आपण मानतो. प्रवाह-स्रोत परिवर्तकात तसे नाही. तेथे प्रवाहाला दुसरी वाट देणे हीच सुरक्षितता. तुमच्यापैकी कोणी उद्या अशा यंत्राशेजारी उभा राहील. त्याने आमच्या फुटलेल्या बांधाची आठवण ठेवावी, एवढीच इच्छा.