वेबपृष्ठ-मांडणी व ब्राउझर-सुसंगती

वेबपृष्ठावरील मजकूर, चित्रे, तक्ते इ. घटकांची पडद्यावरील जागा, आकारमान व परस्परांतील अंतरे ठरविण्याच्या तंत्रास वेबपृष्ठ-मांडणी म्हणतात. एकच पृष्ठ निरनिराळ्या ब्राउझरांत (न्याहाळकांत) व निरनिराळ्या उपकरणांवर वाचनीय आणि उपयुक्त राहणे, या गुणास ब्राउझर-सुसंगती असे म्हणतात. छापील पुस्तकात फर्मा एकदा बांधला की प्रत्येक प्रतीत ओळ त्याच शब्दावर तुटते. वेबपृष्ठ मात्र वाचकाच्या यंत्रावर दर वेळी नव्याने जुळविले जाते आणि हे जुळाऱ्याचे काम ब्राउझर करतो. जुळारी अनेक असल्यामुळे त्या सर्वांनी एकाच नियमावलीने काम करणे आवश्यक ठरते. ही नियमावली म्हणजेच प्रमाणके होत.

वेबपृष्ठाचा आशय एचटीएमएल या खुणांच्या भाषेत लिहितात. हे शीर्षक, हा परिच्छेद, हा तक्ता अशा स्वरूपाची माहिती तीत असते. शीर्षक किती मोठे दिसावे व कोठे बसावे हे सांगण्यासाठी सीएसएस ही स्वतंत्र शैलीभाषा आहे. तिची कल्पना नॉर्वेजियन संगणकतज्ञ होकोन व्हिउम ली यांनी १९९४ मध्ये मांडली. पुढे डच तज्ञ बर्ट बोस यांच्या सहकार्याने ती विकसित झाली. वर्ल्ड वाइड वेब कॉन्सॉर्शियम (स्थापना १९९४) या संस्थेने डिसेंबर १९९६ मध्ये तिची पहिली व मे १९९८ मध्ये दुसरी आवृत्ती शिफारस म्हणून प्रसिद्ध केली. आशय व रूप यांची फारकत हे या भाषेचे मूलतत्त्व होय. एकच आशय केवळ शैलीपत्र बदलून सर्वस्वी भिन्न रूपांत दाखविता येतो. कॅनडातील डेव्ह शी यांनी २००३ मध्ये सुरू केलेल्या ‘सीएसएस झेन गार्डन’ या संकेतस्थळाने हे प्रात्यक्षिकाने दाखवून दिले. तोपर्यंत बहुतेक पृष्ठे तक्त्यांच्या अदृश्य चौकटींत मजकूर कोंबून मांडली जात असत.

विसंगतीचा उगम : १९९६ ते २००० या काळात नेटस्केप व मायक्रोसॉफ्ट या कंपन्यांमध्ये तीव्र स्पर्धा होती. प्रमाणके पूर्ण होण्याची वाट न पाहता दोघींनी आपापल्या सोयीने नियमांचा अर्थ लावला. परिणामी एकच पृष्ठ दोनदा लिहिण्याची वेळ रचनाकारांवर आली. याविरुद्ध १९९८ मध्ये ‘वेब स्टँडर्ड्‌स प्रोजेक्ट’ ही रचनाकारांची चळवळ उभी राहिली. २००१ मध्ये आलेल्या इंटरनेट एक्स्प्लोरर ६ ने बाजारपेठ जवळजवळ पूर्णपणे व्यापली आणि पुढील आवृत्ती येण्यास २००६ साल उजाडले. मधल्या पाच वर्षांत त्या ब्राउझरातील दोष हेच जणू व्यवहारातील प्रमाण बनले. मांडणीविषयीची पुष्कळशी युक्तिविद्या याच काळात जन्मली.

पेटी व तिची रुंदी : सीएसएसच्या दृष्टीने प्रत्येक घटक ही एक आयताकृती पेटी असते. मध्यभागी आशय, त्याभोवती आतला समास, मग किनार व त्याबाहेर बाहेरचा समास असे तिचे थर असतात. आशयाची रुंदी २०० पिक्सेल, दोन्ही बाजूंचा आतला समास प्रत्येकी २० व किनार प्रत्येकी ५ पिक्सेल असेल, तर प्रमाणकानुसार पेटी २५० पिक्सेल जागा व्यापते. इंटरनेट एक्स्प्लोरर ५ मात्र २०० या आकड्यातच समास व किनार धरीत असे, म्हणजे आशयाला १५० पिक्सेलच उरत. समजा, त्या ब्राउझरावर विसंबून रचनाकाराने ५०० पिक्सेलच्या चौकटीत प्रत्येकी २५० पिक्सेलचे असे दोन स्तंभ मांडले. प्रमाणक पाळणाऱ्या ब्राउझरात प्रत्येक स्तंभ ३०० पिक्सेलचा होऊन दुसरा स्तंभ पहिल्याच्या खाली घसरे. पृष्ठाच्या आरंभी दस्तऐवजाचा प्रकार घोषित केला म्हणजे प्रमाणित गणित लागू व्हावे आणि घोषणा नसलेल्या जुन्या पृष्ठांना जुनेच गणित राहावे, अशी तडजोड २००० च्या सुमारास रूढ झाली. म्हणूनच पृष्ठाची पहिली ओळ चुकली, तर पुढील सर्व मापे चुकलेली दिसतात. गंमत अशी की मायक्रोसॉफ्टचे जुने गणितच पुष्कळांना सोयीचे वाटते. कोणते गणित वापरावे हे सांगणारा नियम पुढे प्रमाणकातच समाविष्ट झाला आणि आज तो सर्रास वापरला जातो.

तरंगती पेटी : चित्राच्या कडेने मजकूर वाहावा यासाठी ‘फ्लोट’ हा नियम करण्यात आला. स्तंभ पाडण्याचे दुसरे चांगले साधन नसल्यामुळे रचनाकारांनी तोच स्तंभांसाठी राबविला. तरंगत्या पेटीची उंची तिला सामावणाऱ्या पेटीच्या हिशोबात धरली जात नाही, त्यामुळे बाहेरची पेटी मिटून जाते व तिची पार्श्वभूमी नाहीशी होते. तरंगत्या घटकांनंतर ‘क्लिअर’ नियम असलेला एक रिकामा घटक घालणे हा त्यावरील उपाय होय. इंटरनेट एक्स्प्लोरर ६ मध्ये याखेरीज एक विचित्र दोष होता. डावीकडे तरंगणाऱ्या पेटीला डावा समास १० पिक्सेल दिला, तर तो २० पिक्सेल दिसे. त्या पेटीस ‘इनलाइन’ म्हणून घोषित केले की दोष जाई. प्रमाणकानुसार तरंगत्या पेटीवर या घोषणेचा काहीच परिणाम होत नाही, त्यामुळे इतर ब्राउझरांना तिचा उपद्रव होत नसे. चांगला उपाय कसा असावा याचे हे उत्तम उदाहरण आहे. याउलट एखाद्या ब्राउझरातील वाचनदोषाचा फायदा घेऊन केलेल्या युक्त्या पुढील आवृत्तीत तो दोष दुरुस्त होताच पृष्ठ बिघडवीत. म्हणून त्या मुख्य शैलीपत्रात न मिसळता विशिष्ट ब्राउझरापुरत्या वेगळ्या पत्रात ठेवणे अधिक सुरक्षित ठरले.

दोष शोधण्याची पद्धत : मांडणी बिघडली की आकडे अंदाजाने बदलत बसणे, ही सर्वांत खर्चिक पद्धत होय. प्रथम एचटीएमएल व सीएसएस यांची तपासणी-आज्ञावलीद्वारे शुद्धता पाहतात, कारण न मिटलेली एक खूण निरनिराळे ब्राउझर निरनिराळ्या प्रकारे सावरून घेतात. नंतर पृष्ठातील एकेक भाग वगळीत दोष दिसेल एवढाच लहानात लहान नमुना उरवितात. पुष्कळदा या छाटणीतच कारण सापडते. न समजलेला नियम ब्राउझराने मुकाट्याने ओलांडावा, अशी सीएसएसमध्ये तरतूद आहे. तिच्यामुळे जुना नियम आधी व नवा नंतर लिहिता येतो. जुने ब्राउझर पहिल्यावर थांबतात, नवे दुसरा स्वीकारतात. स्तंभरचनेसाठी खास निर्माण केलेली ‘फ्लेक्सबॉक्स’ व ‘ग्रिड’ ही साधने याच मार्गाने व्यवहारात आली. मार्च २०१७ मध्ये ग्रिड प्रमुख ब्राउझरांत जवळजवळ एकाच वेळी उपलब्ध झाले. इंटरनेट एक्स्प्लोररचे साहाय्य मायक्रोसॉफ्टने जून २०२२ मध्ये थांबविले.

देवनागरी मजकुराचे प्रश्न : इंग्रजी पृष्ठात विसंगती आली की स्तंभ घसरे, पण शब्द वाचता येत. मराठी वाचकाच्या वाट्याला याहून मूलभूत अडचण आली. १९९० नंतरच्या दशकात मराठी संकेतस्थळे विशिष्ट फाँटवर आधारलेली होती. लॅटिन अक्षरांसाठी राखलेल्या संकेतांवर देवनागरीचे आकार बसविलेले असत आणि प्रत्येक फाँटनिर्मात्याची वाटणी वेगळी असे. तो फाँट वाचकाच्या यंत्रावर नसल्यास मराठीऐवजी लॅटिन अक्षरांची निरर्थक रांग दिसे. यावर फाँट पृष्ठाबरोबरच पाठविण्याचा उपाय निघाला. परंतु मायक्रोसॉफ्टची पद्धत नेटस्केपला व नेटस्केपची मायक्रोसॉफ्टला समजत नसे. त्यामुळे अनेक मराठी पृष्ठे प्रत्यक्षात इंटरनेट एक्स्प्लोररपुरतीच मर्यादित राहिली. येथे आशय व रूप यांची फारकत मुळातच झालेली नव्हती, कारण अक्षर कोणते हेच फाँटवर अवलंबून होते.

‘धानोरा’ या ग्रामनामाचे उदाहरण घेता येईल. नंदुरबार जिल्ह्यात या नावाचे गाव आहे, तसेच गडचिरोली जिल्ह्यात धानोरा हे तालुक्याचे ठिकाण आहे. फाँटवर आधारलेल्या पृष्ठात हे नाव प्रत्येक फाँटनुसार वेगळ्या लॅटिन चिन्हांत साठविले जाई. शोधयंत्राला ते सापडत नसे, अकारविल्हे लावता येत नसे आणि एका कार्यालयाची यादी दुसऱ्याच्या यादीशी ताडून पाहता येत नसे. युनिकोडमध्ये हेच नाव ध, काना, न, ओकार, र, काना अशा सहा संकेतांत, सर्वत्र एकाच प्रकारे साठविले जाते. युनिकोडातील देवनागरीचा १२८ स्थानांचा विभाग इस्की या भारतीय संकेतप्रणालीवर आधारलेला असून तो १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. विंडोज २००० पासून मंगल हा युनिकोड फाँट संगणकावरच मिळू लागला, तरी विंडोज एक्सपीमध्ये जटिल लिप्यांची सोय बहुधा मुद्दाम बसवून घ्यावी लागे. मे २००३ मध्ये सुरू झालेला मराठी विकिपीडिया युनिकोडमध्येच वाढला. भारत सरकारने २००९ मध्ये ई-प्रशासनासाठी युनिकोड हे प्रमाणक स्वीकारले.

संकेत एक झाले तरी आकार जुळविण्याचे काम उरतेच. ‘जिल्हा’ या शब्दात ऱ्हस्व वेलांटी साठविली जाते ज-नंतर, पण दिसावी लागते ज-च्या आधी. ल, हलन्त-चिन्ह व ह यांपासून एकच जोडाक्षर घडवावे लागते. हे काम ब्राउझराने मध्येच सोडले तर मांडणीचा साधा नियमही घातक ठरतो. फायरफॉक्सच्या २००८ पूर्वीच्या आवृत्त्यांत दोन्ही कडा समान करण्याचा नियम दिला, की देवनागरी मजकुरातील मात्रा व जोडाक्षरे विस्कटून जात. नियम निर्दोष, शैलीपत्र शुद्ध आणि ब्राउझरही प्रमाणकनिष्ठ, तरीही परिच्छेद वाचता येत नसे. मजकूर केवळ डावीकडे सरळ ठेवणे एवढाच उपाय रचनाकाराच्या हाती होता. फायरफॉक्स ३ मध्ये (२००८) हा दोष नाहीसा झाला.

इंग्रजी साच्यांवरून उचललेल्या मापांमुळेही दोष उद्भवतात. देवनागरीत शिरोरेघेच्या वर मात्रा, रफार व अनुस्वार आणि अक्षराखाली उकार येत असल्याने ओळीची उंची अधिक लागते. ठराविक पिक्सेल उंचीच्या पट्टीत किंवा बटनात मराठी शब्द घातला, की वेलांटी वा उकार छाटला जातो. म्हणून उंची निश्चित न करता किमान उंची द्यावी व मापे अक्षराच्या आकाराच्या पटीत लिहावीत. इंटरनेट एक्स्प्लोरर ६ ला किमान उंचीचा नियम कळत नसे, पण निश्चित उंचीची पेटीही तो आशयाबरोबर वाढवीत असल्यामुळे त्याच्यापुरता उंचीचाच नियम देऊन काम भागे. इंग्रजी शीर्षकात शोभणारे अक्षरांमधील वाढीव अंतर मराठीत शिरोरेघ तोडते. पृष्ठाची भाषा मराठी म्हणून घोषित करून तेवढ्या भागापुरते ते अंतर शून्य करणे इष्ट असते. भाषेच्या घोषणेचा आणखी एक लाभ आहे. राज्य शासनाने २००९ च्या निर्णयात पुरस्कारलेली ल व श यांची मराठी वळणे काही फाँटांत अंगभूत असतात. भाषा घोषित असेल तरच ब्राउझर ती निवडतो, एरवी हिंदी वळणे दिसतात.

फाँट पृष्ठाबरोबर पाठविण्याचा जुना प्रश्न डिसेंबर २०१२ मध्ये शिफारस झालेल्या ‘वॉफ’ या सामायिक स्वरूपाने सुटला. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे मुक्त व बलू यांसारखे खुले फाँट त्यामुळे कोणत्याही ब्राउझरात दाखविता येतात. मात्र मंद जोडणीवर फाँट पोहोचेपर्यंत यंत्रावरील फाँटच वापरला जातो. तो विंडोजमध्ये निर्मला, ॲपलच्या यंत्रांवर कोहिनूर, तर अँड्रॉइडवर नोटो असू शकतो. प्रत्येकाची रुंदी भिन्न असल्याने शब्दांच्या रुंदीवर विसंबलेली मांडणी टिकत नाही.

लहान पडदा : नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेनुसार त्याच्या लोकसंख्येत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के होते. देशातील पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी याच जिल्ह्यातील टेंभली येथे देण्यात आले. त्यानंतर सातबारा उतारे, दाखले व अर्ज क्रमशः संकेतस्थळांवर आले आणि महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ मुळे अधिसूचित सेवा ठराविक मुदतीत मिळणे हा नागरिकाचा हक्क झाला. धानोऱ्यासारख्या गावातील खातेदाराच्या हाती संगणक नसून बहुधा मोबाइल असतो. १,०२४ पिक्सेल रुंदी गृहीत धरलेला तक्ता ३६० पिक्सेलच्या पडद्यावर आला, की गट क्रमांकाचा किंवा क्षेत्राचा स्तंभ बाहेर जातो, अर्ज दाखल करण्याचे बटन सापडत नाही आणि तालुक्याची खेप वाचत नाही. अँड्रॉइडच्या २०११ पूर्वीच्या आवृत्त्यांत तर देवनागरीऐवजी अनेकदा रिकामे चौकोनच दिसत.

अमेरिकन रचनाकार ईथन मार्कॉट यांनी २०१० मध्ये मांडलेली प्रतिसादी रचना हा यावरील मार्ग होय. तीत स्तंभांची रुंदी टक्केवारीत देतात, चित्रे पेटीबाहेर जाणार नाहीत असा नियम करतात आणि पडद्याच्या रुंदीनुसार शैली बदलतात. अरुंद पडद्यावर स्तंभ एकाखाली एक येतात. तक्ता मोडता येत नसेल, तर संपूर्ण पृष्ठाऐवजी तेवढा तक्ताच आडवा सरकेल अशी योजना करतात. ‘जिल्हाधिकारी’, ‘अनुसूचित जमाती’ यांसारखे लांब मथळे तक्त्याच्या डोक्यावर असतील, तर ते कोठे तुटावेत हे रचनाकाराने स्वतः ठरवून द्यावे. मराठी शब्द अक्षरसमूहांच्या सीमेवर तोडण्याची सोय सर्व ब्राउझरांत सारखी नाही. परिच्छेदाचे पहिले अक्षर मोठे करण्याच्या नियमाबाबतही हीच स्थिती आढळते. ‘क्षे’ किंवा ‘स्त्री’ यांसारख्या आरंभी नेमका किती भाग मोठा करावा याविषयी ब्राउझरांत मतभेद होतात, म्हणून मराठी पृष्ठांत हा अलंकार टाळलेलाच बरा.