तळाची खरवड

आम्ही दोघे आणि मित्राचे जोडपे युरोप पाहून आलो. मित्र सर्वांना ३३० मीटर उंचीच्या आयफेल टॉवरचे वर्णन ऐकवतो. मला मात्र आठवते ते स्वित्झर्लंडमधल्या ग्रुयेर गावचे फाँड्यू!

पांढऱ्या वाइनमध्ये वितळलेले चीज, त्यात लांब काट्याला टोचलेला पाव बुडवायचा. वाइनच्या नावाने सौ. जरा बिचकली, पण भूक मोठी वाईट! मित्राचा तुकडा आतच पडला आणि हशा पिकला.

शेवटी तळाशी खरपूस पापुद्रा उरला. वाढणाऱ्या बाई म्हणाल्या, हा मानाचा घास. घरी तीस वर्षे सौ. दुधाची खरवड खाते, तीही ओट्याशी उभ्याने, पातेले घासायच्या आधी. मी तो पापुद्रा सोडवून तिच्या ताटलीत वाढला.

"अहो, अर्धा तुम्ही घ्या ना," ती म्हणाली.