आतून रंगणारा ट्रक

भिलाई म्हटले की पोलाद आठवते. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. पोलादी ट्रक रंगवण्याची रीत या नगरीला परिचित आहे : आधी प्रायमर, मग मुख्य रंग, शेवटी अक्षरे. रिमोटवर धावणाऱ्या छोट्या ट्रकचे कवच रंगवताना मात्र हा क्रम उलटा होतो.

हे कवच बहुधा पारदर्शक पॉलिकार्बोनेटचे असते व रंग आतून दिला जातो. त्यामुळे ट्रक उलटला तरी ओरखडे बाहेर उमटतात, रंग शाबूत राहतो. प्रथम कवच साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करतात. खिडक्यांवर आतून चिकटपट्टी लावतात. मग ‘हॉर्न ओके प्लीज’ ही अक्षरे, तीही आरशातल्यासारखी उलटी; त्यानंतर पट्टे व अखेरीस मुख्य रंग. फिकट रंगामागे पांढरा थर दिल्यास तो खुलतो. प्रत्येक हात पातळ असावा. जाड थर धडकेने तडकतो.

मराठी वाचकास हे तंत्र परके वाटू नये. अठराव्या शतकात चीनमधून पश्चिम भारतात आलेल्या काचचित्रकलेत डोळे, दागिने आधी व पार्श्वभूमी शेवटी रंगवीत. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अशी काचचित्रे आहेत.

दोन्हींकडे नियम एकच : पहिला फटकारा कायम दर्शनी राहतो, नंतरचे थर त्याला झाकू शकत नाहीत. म्हणूनच रंगाची बाटली उघडण्यापूर्वी कागदावर पूर्ण आराखडा तयार असावा.