हीरोला घरची आठवण येते तेव्हा

व्हिडिओ गेममधला हीरो लढता लढता अचानक गप्प उभा राहतो. समोर शत्रू आहे, तुम्ही बटण दाबून हल्ल्याचा हुकूमही दिला आहे, पण पडद्यावर ओळ येते की त्याला आईची आठवण येतेय. हल्ला होत नाही, पाळी वाया जाते. तुम्ही त्याच्या बॅगेत औषध शोधता, तर त्यावर बॅगेत काहीच नसतं. जवळचा फोन गाठायचा, घरी लावायचा आणि आईशी दोन शब्द बोलायचे, की तो बरा होतो.

या गेमचं नाव 'अर्थबाउंड'. जपानमध्ये तो 'मदर २' या नावाने २७ ऑगस्ट १९९४ रोजी आला आणि जून १९९५ मध्ये अमेरिकेत पोहोचला. तीस वर्षं उलटून गेली, चित्रं आजच्या मानाने अगदी साधी, चौकोनी, तरी लोक तो पुन्हा पुन्हा खेळतात. मी गेल्या हिवाळ्यात खेळले. करोल बागेतल्या पीजीच्या खोलीत, रजईत बसून. पहिल्यांदा नेसला, म्हणजे या हीरोला, घरची आठवण आली तेव्हा मी हसले. दुसऱ्यांदा गेम तसाच थांबवला आणि नाशिकला फोन लावला.

तुम्ही कधी संध्याकाळी जुन्या राजेंद्र नगरात गेला असाल तर तुम्हाला हे वेगळं सांगायला नको. करोल बागेला लागूनच असलेल्या त्या गल्ल्यांमध्ये यूपीएससीसाठी आलेली मुलंमुली राहतात आणि त्यांत मराठी कितीतरी. एका हातात चहाचा कप, दुसऱ्या हातात फोन, आणि 'हो गं आई, जेवले' असं खोटं बोलणं. होमसिक होणं हा आजार आहे हे ती मुलं कुणापुढे कबूल करत नाहीत. या गेमने मात्र तो विषबाधेच्या आणि सर्दीच्या यादीत सरळ लिहून टाकला आहे.

गेम आहे तरी काय?

रोल प्लेइंग गेम म्हणजे तुम्ही एका पात्राची भूमिका घेता, लढाया जिंकत त्याची ताकद वाढवता आणि गोष्ट पुढे नेता. असे गेम बहुतेक वेळा राजे, तलवारी आणि ड्रॅगन यांच्यात अडकलेले असतात. इथे अमेरिकेतल्यासारखं एक छोटं गाव आहे, ओनेट. पुढच्या गावांची नावं टूसन, थ्रीड आणि फोरसाइड. (मोजून ठेवली आहेत हे लक्षात आलंच असेल.) रात्री डोंगरावर उल्का पडते, नेस नाइट ड्रेसमध्ये उठतो. बाहेर जायची परवानगी आई देते, पण आधी कपडे बदल म्हणते. भविष्यातून आलेला एक किडा त्याला सांगतो की गीगस नावाचं संकट जगावर येणार आहे आणि तुलाच ते थांबवायचं आहे. थोड्याच वेळात शेजारची बाई त्या किड्याला झटक्यात मारून टाकते. एवढ्या भारदस्त भविष्यवाणीचा असा शेवट! इथेच तुम्हाला कळतं की हा गेम वेगळ्या स्वभावाचा आहे.

नेसचं शस्त्र म्हणजे बेसबॉलची बॅट. त्याला पुढे भेटणारी पॉला फ्राइंग पॅन घेऊन लढते. तिसरा जेफ, जो रात्री सगळे झोपल्यावर मोडक्या वस्तू दुरुस्त करतो. चौथ्या राजपुत्राचं नाव पू आहे. मराठी घरात हे नाव ऐकून काय होणार ते मी सांगत नाही, पण सुरुवातीलाच सगळ्यांची नावं बदलता येतात, तेव्हा काळजी नसावी. शत्रू म्हणून चिडलेले कुत्रे, कावळे, हिप्पी येतात, इतकंच काय एक अमूर्त चित्रसुद्धा अंगावर येतं. हरलेला कुत्रा मरत नाही, माणसाळतो. वेडावलेला माणूस भानावर येतो.

अंगातली ताकद दाखवणारा आकडा जुन्या रिक्षाच्या मीटरसारखा फिरत फिरत उतरतो. म्हणजे जीवघेणा फटका बसला तरी आकडा शून्यावर पोहोचायला थोडा वेळ लागतो आणि तेवढ्यात लढाई संपवली किंवा औषध दिलं तर मूल वाचतं. ते दोन-चार सेकंद इतके धाकधुकीचे असतात की माझ्या रूममेटने, जिला गेमचं काडीचं वेड नाही, पुस्तक बाजूला ठेवून 'लवकर, लवकर' म्हणायला सुरुवात केली.

फोनवरचा बाबा

या गेममधला बाबा पडद्यावर कधीच दिसत नाही. तो फक्त फोनवर असतो. कुठपर्यंत खेळलात ते जपून ठेवायचं म्हणजे गेम सेव्ह करायचा, तर बाबाला फोन करावा लागतो. तो सांगतो की तुझ्या खात्यात अमुक पैसे टाकले आहेत. तुम्ही एटीएमवर जाऊन काढायचे. फार वेळ खेळत राहिलात तर तो स्वतः फोन करतो आणि जरा विश्रांती घे म्हणतो.

अनेकांना हा बाबा विनोदी वाटतो. मला वाटला नाही. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर, आटपाडी भागातली गलाई व्यवसायातली कुटुंबं आठवा. सोनं-चांदी गाळण्याच्या कामासाठी तिथले पुरुष पिढ्यान् पिढ्या देशभरातल्या सराफ बाजारांत गेले, दिल्लीतही आले. गावाकडच्या मुलांसाठी बाबा म्हणजे आधी मनीऑर्डर, मग एसटीडी बूथवरचा आवाज, आता व्हिडिओ कॉल. पैसे वेळेवर येतात, बाबा जत्रेला येतो. गेम या बाबाला वाईट ठरवत नाही आणि त्याचं कौतुकही करत नाही. तो आहे तसा ठेवतो. जेफचा बाबा तर त्याहून पुढचा. तो शास्त्रज्ञ आहे, मुलगा होस्टेलवर, दहा वर्षांनी भेट होते आणि निरोप घेताना तो म्हणतो की पुन्हा दहाएक वर्षांनी भेटू. मी हसले आणि मग हसू थांबलं.

हे लिहिणारा माणूस मुळात गेमवाला नव्हताच. शिगेसातो इतोई हे जपानमधले नामवंत जाहिरात-लेखक. हायाओ मियाझाकी यांच्या 'माय नेबर टोटोरो' (१९८८) या चित्रपटातल्या बाबांना आवाज त्यांचाच आहे. तुमच्या मुलांनी तो पाहिला असेल, तर तो शांत, थोडा गोंधळलेला बाबा आठवून बघा.

सुरुवातीला गेम तुम्हाला आवडता पदार्थ विचारतो. पुढे कधीही घरी गेलात की आई तोच करून वाढते. मी 'पोहे' लिहिलं, कारण त्या चौकटीत अक्षरं मोजकीच बसतात आणि पुरणपोळी मावली नाही. राक्षसांशी लढून थकलेला मुलगा घरी येतो आणि आई म्हणते पोहे केलेत, झोप आता. हे वाक्य किती वेळा वाचलं तरी जुनं होत नाही. बाहेरच्या खाण्यालाही इथे किंमत आहे. बर्गर नुसता खाल्ला तर थोडी ताकद, सोबत केचप असेल तर जास्त.

आता दोष

कौतुक पुरे. खरं सांगायचं तर पहिल्या दोन-तीन दिवसांत मी हा गेम सोडून देणार होते.

प्रत्येक मुलाच्या बॅगेत फक्त चौदा वस्तू मावतात. त्यातल्या काही फेकता येत नाहीत, कारण पुढे लागणार असतात. बॅट, टोपी, हातातलं कडं हेही त्याच चौदांत मोजलं जातं. त्यामुळे अर्धा वेळ हे या बॅगेतून त्या बॅगेत ठेवण्यात जातो, रेल्वेत चार माणसांचं सामान बसवावं तसं. जास्तीचं सामान न्यायला कुरिअरवाला बोलावता येतो, पण तोही फोन करून. मुलं धावत नाहीत, चालतात, आणि वाळवंटही चालतच पार करायचं. पॉला आणि जेफ अगदी कच्च्या अवस्थेत टोळीत येतात, त्यामुळे सुरुवातीच्या लढायांत ते वारंवार कोसळतात आणि तुम्ही दवाखान्याच्या फेऱ्या मारत बसता.

काही कोडी निव्वळ लेखकाची लहर आहेत. एका धबधब्यामागे दार उघडण्यासाठी तीन मिनिटं काहीही न करता उभं राहायचं असतं. आजच्या मुलाला हे सुचणं कठीण. अमेरिकेत गेमच्या खोक्यात जाडजूड मार्गदर्शक पुस्तक द्यावं लागलं होतं, त्यावरून काय ते समजा.

मला सगळ्यात खटकलेली गोष्ट मात्र वेगळी आहे. घरची आठवण फक्त नेसला येते. पॉलाही लहान आहे, तीही घर सोडून आली आहे, पण तिला आई आठवत नाही. उलट तिचं दोनदा अपहरण होतं आणि दोन्ही वेळा मुलं तिला सोडवतात. नेसची आई संपूर्ण गेममध्ये स्वयंपाक आणि वाट पाहणं याशिवाय काही करत नाही. बाबा कमावतो, आई रांधते. घराबद्दल इतकं नवं काही सांगू पाहणारा गेम घरातल्या कामांच्या वाटणीबाबत मात्र जुनाच राहिला. एक आहे, शेवटच्या लढाईत बॅट आणि यंत्रं निकामी ठरतात आणि जे काम करतं ते पॉलाच करते. काय ते सांगत नाही. पण तेवढ्यासाठी आधीचं सगळं माफ करावं का, याबद्दल माझं आणि रूममेटचं अजून भांडण आहे.

गफ्फार मार्केटच्या शेजारून

हा गेम होता होता राहिला होता, हेही ऐका. काही वर्षं काम रखडलं तेव्हा मदतीला सातोरु इवाता आले, जे पुढे २००२ मध्ये निन्टेंडोचे अध्यक्ष झाले. त्यांनी इतोईंना सांगितलं की आहे तेच दुरुस्त करायचं तर दोन वर्षं लागतील, नव्याने सुरुवात केली तर सहा महिने. नव्याने सुरुवात झाली.

अमेरिकेत मात्र तो चालला नाही. जपानमधल्या जाहिरातीची ओळ साधारण अशी होती की मोठ्यांसाठी, मुलांसाठी आणि ताईसाठीही. अमेरिकेत त्याच गेमची जाहिरात झाली 'हा गेम नासका वास मारतो' अशा अर्थाची, आणि खरवडून हुंगायची दुर्गंधी कार्डंही छापली गेली. जाहिरात-लेखकाने बनवलेला गेम जाहिरातीनेच मारला. मी पोटापाण्यासाठी अशाच ओळी लिहिते, त्यामुळे मला हा प्रसंग जरा जास्तच झोंबतो.

भारतात तो तेव्हा बहुतेक कुणी पाहिलाच नाही. आपल्याकडे घरोघरी होती ती नकली मशिन्स आणि एका कॅसेटमध्ये शेकडो गेम असल्याचा दावा. माझ्या मामाकडे अजून अशी एक पिवळी कॅसेट आहे, मारिओ आणि कॉन्ट्रावाली, फुंकर मारल्याशिवाय न चालणारी. करोल बागेच्या गफ्फार मार्केटमध्ये आणि कॅनॉट प्लेसच्या पालिका बाजारात विदेशी मालाबरोबर नकलीही सर्रास मिळायच्या. गंमत म्हणजे 'अर्थबाउंड'ने नकली कॅसेटसाठी खास बंदोबस्त करून ठेवला होता. आपण नकली प्रतीत आहोत असं गेमला कळलं की तो रस्त्यावर शत्रूंची झुंबड उडवून देतो. तरीही चिकाटीने खेळत राहिलात, तर शेवटच्या लढाईत तो बंद पडतो आणि तुमची सगळी जपून ठेवलेली प्रगती पुसून टाकतो. कित्येक तासांचा खेळ, एका क्षणात. इतकी प्रेमळ गोष्ट सांगणाऱ्याने इतकं कठोर व्हावं?

आज तो सरळ मार्गाने खेळता येतो. फेब्रुवारी २०२२ पासून निन्टेंडो स्विचच्या ऑनलाइन सदस्यत्वात तो मिळतो. मराठी किंवा हिंदीत नाही, आणि वाचायला भरपूर आहे, त्यामुळे दहा-अकरा वर्षांच्या मुलाबरोबर खेळायचा तर शेजारी बसून वाचून दाखवावं लागेल. शेवटचा भाग भीतीदायक आहे. रंगीबेरंगी गावांतून अचानक अंधारात नेतो. तो लहान मुलांना रात्री एकट्याने खेळू देऊ नका.

आणि संकट संपल्यावर टीव्ही लगेच बंद करू नका. बाकीचे गेम इथे नावांची पाटी फिरवतात. हा तुम्हाला मोकळा सोडतो. रस्त्यावर आता एकही शत्रू नसतो. पॉलाला तिच्या घरी पोहोचवायचं, वाटेत भेटलेल्या प्रत्येकाशी पुन्हा बोलायचं असेल तर बोलायचं आणि मग ओनेटला, आपल्या घरी. प्रवासात एक फोटोवाला आकाशातून मधूनच टपकून फोटो काढत असतो, ते सगळे फोटो शेवटी एकेक करून समोर येतात. मी घरापर्यंतचं ते चालणं मुद्दाम लांबवलं. पोहोचले तेव्हा रात्रीचे दीड वाजले होते, म्हणून नाशिकला फोन सकाळी केला. आईने उचलल्याबरोबर विचारलं, जेवलीस का?