टायरच्या कामानंतरची थरथर

टायर बदलणे, पुढचे-मागचे टायर अदलाबदल करणे, बॅलन्सिंग, अलाइनमेंट ही गाडीची नेहमीची कामे. ती झाल्यावर एखादी नवीच तक्रार सुरू झाली, तर तिचा शोध हात लागलेल्या भागांपासून सुरू करावा लागतो: चाक, त्याचे नट, हबचा दर्शनी पृष्ठभाग, व्हॉल्व्ह, टाय रॉड आणि जॅक टेकवण्याची जागा. इंजिन किंवा गिअरबॉक्स या कामात कोणी उघडत नाही. मात्र कामानंतर उद्भवलेले प्रत्येक दुखणे कामामुळेच आलेले असते असे नाही. जुनाच दोष मागच्या चाकाबरोबर पुढे येतो आणि चालकाला पहिल्यांदा जाणवतो, असेही बरेचदा होते.

सर्वांत आधी नट पाहावेत. कमी वेगात चाकाकडून ठक-ठक आवाज येत असेल आणि वळणावर तो बदलत असेल, तर गाडी तिथेच थांबवून पाना लावायचा. पुढचे सगळे निदान त्यानंतर. लहान गाड्यांचे नट साधारण ८५ ते १२० न्यूटन-मीटरच्या दरम्यान आवळले जातात, नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. हवेच्या गनने दणादण आवळलेला नट या आकड्याच्या कितीतरी पुढे जाऊ शकतो. मग स्टड ताणला जातो आणि पंक्चरच्या वेळी रस्त्याकडेला नट सुटता सुटत नाही.

तक्रारींमध्ये पहिला मान स्टिअरिंगच्या थरथरीचा. बडोद्यात ती दुकानाबाहेर पडताच कळत नाही, कारण मांडवीच्या किंवा अलकापुरीच्या रहदारीत गाडीला वेगच मिळत नाही. ती कळते दुमाड चोकडीवरून अहमदाबादच्या एक्सप्रेसवेला लागल्यावर. सुमारे ९३ किलोमीटरचा हा सरळ रस्ता आपसूकच चाचणीचा रस्ता ठरतो. ताशी ८० च्या आसपास स्टिअरिंग थरथरू लागते, ९०-१०० ला थरथर टिपेला पोहोचते आणि पुढे पुष्कळदा ओसरते. लहान गाडीच्या चाकाचा परीघ दोन मीटरच्या जरा आत असतो. ताशी ९० किलोमीटरला ते सेकंदाला जवळपास तेरा वेळा फिरते. चाक आणि सस्पेन्शन यांची स्वतःची कंपनसंख्याही त्याच घरात असल्याने एवढासा असमतोलही तिथे मोठा होऊन हाताला जाणवतो. चौदा इंची रिमच्या कडेचे २० ग्रॅमचे वजन गळून पडले, तर ताशी १०० ला चाकाच्या प्रत्येक फेरीत सुमारे तीन किलोचा ओढा तयार होतो. बॅलन्सिंगच्या बाबतीत ‘वीस ग्रॅमने काय होतंय’ हा दिलासा म्हणूनच फसवा आहे.

थरथर हातात असेल तर संशय पुढच्या चाकांवर, सीटमध्ये आणि तळाला असेल तर मागच्या. रिमच्या आतल्या बाजूला चिकटवलेले वजन निघाले असल्यास गोंदाचा काळसर चौकोन उरतो; तो बोटाने चाचपूनही सापडतो. पण यंत्रावर शून्य दाखवणारे चाक गाडीवर चढल्यावर थरथरत असेल, तर दोष बसवण्यात आहे. पावसाळ्यानंतर ही शक्यता वाढते. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचे पाणी शहरात शिरले, तेव्हा कित्येक गाड्या त्यात उभ्या होत्या. पाण्यात राहिलेल्या हबवर गंजाचे पापुद्रे धरतात. तारेच्या ब्रशने ते काढल्याशिवाय चाक बसवले तर एका बाजूला पापुद्र्याची जाडी अडकते आणि चाक किंचित तिरके फिरते. हे पाच मिनिटांचे काम सर्रास टाळले जाते.

टायरही रिमवर तिरका बसू शकतो. रिमच्या कडेला लागून टायरवर एक बारीक उंचवट्याची गोल रेघ असते. चाक हळूहळू फिरवत ही रेघ आणि रिमची कड यांतले अंतर पाहावे. एका जागी रेघ आत बुडालेली दिसली, तर टायर पूर्ण बसलेला नाही; हवा काढून, कडेला साबणाचे पाणी लावून तो पुन्हा बसवावा लागतो. वाघोडिया तालुक्यातल्या लिमड्याला अपोलोचा आणि हालोलला सीएटचा कारखाना असल्याने टायर या भागाला नवलाचा नाही, पण कारखान्यातून कितीही चांगला निघालेला टायर रिमवर नीट बसेल की नाही ते दुकानातच ठरते.

गाडी एका बाजूला ओढत असेल तर लगेच अलाइनमेंटला दोष देऊ नये. आधी हवा मोजावी, तीही टायर थंड असताना. तापमान दहा अंश सेल्सिअसने वाढले की दाब साधारण दीड पीएसआयने वाढतो. मे महिन्याच्या दुपारी धावून आलेल्या गाडीचा आकडा म्हणूनच विश्वासाचा नसतो. दाब सारखा असूनही ओढ राहिली, तर पुढची दोन चाके डावी-उजवी बदलून पाहावीत. ओढ बाजू बदलून गेली तर दोष टायरच्या घडणीत, तिथेच राहिली तर अलाइनमेंट किंवा अडकलेला ब्रेक. फिरण्याची दिशा ठरवून दिलेल्या टायरना ही अदलाबदल चालत नाही. पाणी वाहून जावे म्हणून रस्त्याला बाहेरच्या कडेकडे उतार असतो, त्यामुळे डावीकडची किंचित ओढ आपल्याकडे दोषात धरत नाहीत. गाडी सरळ चालते पण स्टिअरिंग वाकडे राहते, ही तक्रार वेगळी: टो, म्हणजे चाकांचा आत-बाहेर वळलेला कोन, जुळवताना स्टिअरिंग मधोमध धरलेले नव्हते. टाय रॉड पुन्हा जुळवले की ती मिटते. स्थिरता-नियंत्रण प्रणाली असलेल्या गाडीत स्टिअरिंगच्या कोनाचा सेन्सरही शून्यावर आणावा लागतो.

अदलाबदलीनंतर घूं-घूं आवाज सुरू झाला की बेअरिंग गेले असे सांगणारे पुष्कळ भेटतात. तळहात टायरच्या नक्षीवरून आधी एका दिशेने आणि मग उलट फिरवावा. एकीकडे गुळगुळीत आणि दुसरीकडे करवतीच्या दात्यांसारखे लागले, तर आवाज टायरचा आहे. मागे असताना तो ऐकू येत नव्हता इतकेच. बेअरिंगचा आवाज बहुधा लांब वळण घेताना, एका बाजूवर भार गेला की कमी-जास्त होतो. करकर घासल्याचा आवाज आला तर डिस्कमागची पातळ पत्र्याची ढाल वाकून डिस्कला टेकली आहे का ते पाहावे. फेरीगणिक टिकटिक असेल तर आतले वजन कॅलिपरला लागते आहे किंवा प्लॅस्टिकची टोपी सैल आहे.

ब्रेक दाबताना पायाखाली ठोके जाणवणे हे मात्र सहसा उशिरा येते. नट कमी-जास्त आवळले गेले की डिस्क जराशी वेडीवाकडी दाबली जाते, आणि हजारो किलोमीटरनंतर तिची जाडी असमान झिजते. तोवर टायरचे काम विसरलेले असते. दुकानातून निघताच ठोके लागले तर कारण दुसरीकडे शोधणे बरे.

डॅशबोर्डवर टायरच्या हवेचा दिवा लागल्यास दाब पाहून प्रणाली पुन्हा शिकवावी लागते. तरीही विझला नाही तर टायर उतरवताना सेन्सर दुखावलेला असू शकतो. एबीएसचा दिवा सहसा चाकाजवळची वायर ओढली गेल्याची खूण. हवा हळूहळू उतरत असेल तर व्हॉल्व्हच्या तोंडाला आणि रिमच्या कडेला साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहणे पुरते.

दुकानात परत जाताना अलाइनमेंटचा आधीचा-नंतरचा छापील कागद आणि थरथरीचा नेमका वेग एवढे सोबत असावे. ‘गाडी बरोबर चालत नाही’ या वाक्यावर कोणताही मिस्त्री पुन्हा अलाइनमेंटच करतो. तक्रार नसली तरी ५० ते १०० किलोमीटरनंतर टॉर्क पान्याने नट एकदा तपासून घ्यावेत, आणि तेव्हाच वाकून जॅकच्या जागेचा पत्रा चेपला आहे का तेही पाहावे.