कोळी : भय, किळस आणि जिव्हाळा

नवरात्राची घटस्थापना जवळ आली की कोल्हापुरातील घराघरांत साफसफाईला आरंभ होतो. लांब काठीला बांधलेल्या केरसुणीने माळ्यावरची आणि तुळयांच्या सांध्यांतील जळमटे काढली जातात व त्यांबरोबर जळमटांचे धनीही बाहेर फेकले जातात. याच जिल्ह्यात, कृष्णा आणि पंचगंगा यांच्या संगमावर, नृसिंहवाडी हे दत्तसंप्रदायाचे प्रमुख क्षेत्र आहे. आणि या संप्रदायाला प्रिय असलेल्या अवधूताख्यानात कोळ्याची गणना चोवीस गुरूंमध्ये होते. पश्चिमेकडे गगनबावडा, राधानगरी या भागांतील भाताच्या खाचरांत तोच प्राणी पिकाचा राखणदार ठरतो. एकाच जिल्ह्यात एका प्राण्याला केर, गुरू आणि राखणदार अशी तीन पदे लाभावीत, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. कोळ्याविषयीची मनुष्याची प्रतिक्रिया कोळ्याच्या अंगी असलेल्या धोक्यावरून ठरते, की अन्य कशावरून, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

प्रथम धोक्याचे स्वरूप पाहू. जगात कोळ्यांच्या पन्नास हजारांहून अधिक जातींची नोंद झाली असून भारतातील नोंदलेल्या जातींची संख्या अठराशेहून अधिक आहे. काही थोडे गट सोडल्यास सर्व कोळ्यांना विषग्रंथी असतात, हे खरे. परंतु ते विष कीटकांसारखे लहान भक्ष्य निश्चेष्ट करण्यापुरते असते, आणि बहुतेकांचे विषदंत मानवी त्वचा भेदण्यास असमर्थ असतात. वैद्यकीयदृष्ट्या दखल घ्यावी अशा प्रजाती भारतात मोजक्याच आहेत. लॅट्रोडेक्टस व लोक्झोसेलीस या त्यांपैकी होत. झाडांच्या ढोलीत राहणाऱ्या केसाळ पोसिलोथेरियाच्या दंशानेही स्नायूंना तीव्र पेटके येतात. घरात नित्य दिसणारे कोळी यांहून वेगळे. छताच्या कोपऱ्यात विस्कळीत जाळे करणारा लांब पायांचा कोळी, रात्री भिंतीवरून झपाट्याने धावणारा आणि पोटाखाली चपटी पांढरी अंडपिशवी बाळगणारा मोठा कोळी, खिडकीच्या चौकटीवर टुणकन उडी मारणारा छोटा कोळी हे मनुष्याच्या वाटेला सहसा जात नाहीत. तात्पर्य, ज्यांची भीती सर्वांत अधिक बाळगली जाते ते घरातील कोळी जवळजवळ निरुपद्रवी आहेत. भीतीचे मूळ अन्यत्र शोधावे लागते.

हे मूळ उपजत आहे काय, हा प्रश्न मानसशास्त्रज्ञांनी दीर्घकाळ चर्चिला आहे. मार्टिन सेलिग्मन यांनी १९७१ साली असे प्रतिपादन केले की, उत्क्रांतीच्या ओघात मनुष्याचे मन काही विशिष्ट वस्तूंची भीती चटकन शिकण्यास सिद्ध झालेले असते. लाइपझिग आणि उप्साला येथील संशोधकांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सहा महिन्यांच्या अर्भकांना फुलांची आणि कोळ्यांची चित्रे दाखविली असता, कोळ्यांच्या चित्रांच्या वेळी त्यांच्या डोळ्यांच्या बाहुल्या अधिक विस्फारल्या. तथापि बाहुली विस्फारणे म्हणजे भय नव्हे. ती केवळ सावधतेची खूण आहे. सावधता उपजत असली तरी तिचे रूपांतर भयात व्हावे, किळसेत व्हावे की कुतूहलात, हे पुढील आयुष्यात ठरते. स्वीडनमध्ये १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत कोळ्याची विकृत भीती सुमारे साडेतीन टक्के लोकांत आढळली. सर्वांनाच जन्मतः भीती असती तर हे प्रमाण इतके अल्प राहिले नसते.

येथे भय आणि किळस यांतील भेद महत्त्वाचा ठरतो. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ ग्रॅहॅम डेव्ही यांनी १९९४ साली असा सिद्धांत मांडला की, कोळ्याविषयीची भावना वाघाविषयीच्या भावनेसारखी नसून झुरळाविषयीच्या भावनेच्या जवळची आहे. तिच्या मुळाशी इजेपेक्षा रोगसंसर्गाची शंका असते. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली भारतासह सात देशांतील प्राणिभयांचा तौलनिक अभ्यास प्रसिद्ध केला. किळसवाण्या प्राण्यांचा गट सर्वत्र सारखाच वेगळा पडतो. मात्र त्या गटाविषयीच्या भीतीची पातळी भारतीयांत कमी आणि जपानी लोकांत अधिक आहे, असे त्यात दिसून आले. म्हणजे प्रतिक्रियेचा साचा समान असला, तरी तिची तीव्रता संस्कृतीपरत्वे बदलते.

रोगाची ही शंका भारतीय परंपरेतही प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात 'लूता' या नावाने कोळ्यांचे सोळा प्रकार सांगितले असून त्यांपैकी आठ कष्टसाध्य व आठ असाध्य मानले आहेत. वसिष्ठ ऋषी क्रुद्ध झाले असता त्यांच्या कपाळावरील घामाचे थेंब कापलेल्या गवतावर पडले आणि त्यांतून लूता उत्पन्न झाल्या, अशी कथाही तेथे येते. लूतेचे विष दाढांपुरते मर्यादित न ठेवता लाळ, नखे, मूत्र, विष्ठा इत्यादी सात ठिकाणी मानले आहे. अंगावर एकाएकी फोड उठले की 'कोळी मुतला' किंवा 'अंगावरून कोळी गेला' असे जे आजही म्हटले जाते, त्याचे या वर्णनाशी असलेले साम्य लक्षात घेण्यासारखे आहे.

वस्तुतः कोळ्याचे उत्सर्जन हे मुख्यतः ग्वानीनयुक्त, पांढरट व घट्टसर द्रव्य असते; त्याने त्वचा भाजत नाही. रात्रीतून उठणाऱ्या अशा चट्ट्यांचे एक ज्ञात कारण म्हणजे पीडेरस प्रजातीचे छोटे लांबट भुंगेरे. पावसाळ्यात ते दिव्याकडे आकृष्ट होतात. अंगावर चिरडले गेले की त्यांच्या शरीरद्रवातील पेडेरिन हे द्रव्य त्वचेला लागते आणि काही तासांनी दाह सुरू होऊन फोड येतात. कधी कधी अशा फोडांमागे नागीण हा विषाणुजन्य विकारही असतो. त्यावरील औषध पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाल्यास लाभ अधिक होतो. आणि फोड कपाळावर किंवा डोळ्याजवळ असतील तर विलंब दृष्टीलाही घातक ठरू शकतो. अशा वेळी दोष कोळ्याच्या माथी मारून लेपावर दिवस घालविणे महाग पडते. चुकीच्या प्राण्यावरील हा आरोप केवळ शास्त्रीय प्रमाद राहत नाही; त्याची किंमत रोग्याला द्यावी लागते.

अशा चुकीच्या आरोपाचे प्रसिद्ध उदाहरण दक्षिण इटलीत आढळते. तारांतो या नगरीच्या नावावरून 'टारँटुला' म्हटल्या गेलेल्या कोळ्याच्या दंशाने मनुष्य व्याकुळ होतो व नृत्यसंगीतानेच बरा होतो, अशी तेथील समजूत होती. एर्नेस्तो दे मार्तिनो यांनी १९५९ साली सालेंतो प्रदेशात प्रत्यक्ष पाहणी करून दाखविले की, या विकाराचा उलगडा केवळ विषाने होत नाही. दारिद्र्याने व सामाजिक दडपणाने गांजलेल्या, विशेषतः स्त्रियांच्या, व्यथेला त्या विधीत वाचा फुटत होती. शिवाय ज्या मोठ्या कोळ्यावर ठपका होता त्याचा दंश सौम्य असतो. त्या प्रदेशातील खरोखर विषारी कोळी लॅट्रोडेक्टस हा आहे.

भय आणि किळस यांच्या जोडीला भारतात आदराचीही परंपरा आहे. स्वतःतून तंतू काढणारा आणि तो पुन्हा आत घेणारा कोळी मुंडकोपनिषदात विश्वोत्पत्तीचा दृष्टान्त म्हणून येतो. भागवताच्या अकराव्या स्कंधातील अवधूतही कोळ्यापासून हाच बोध घेतो, आणि एकनाथांनी शके १४९५ मध्ये, म्हणजे इ. स. १५७३ मध्ये, पूर्ण केलेल्या टीकेमुळे तो मराठी श्रोत्यांपर्यंत पोहोचला. या दृष्टान्तामागील निरीक्षण सर्वस्वी काल्पनिक नाही. तंतू मुखातून येतो हे भागवतातील वर्णन प्राणिशास्त्राला मान्य नाही, कारण तो उदराच्या टोकाशी असलेल्या तंतुग्रंथींतून येतो. परंतु चक्राकार जाळे विणणारे अनेक कोळी जुने जाळे खरोखरच गिळतात आणि त्यातील प्रथिनांचा बराच भाग नव्या जाळ्यासाठी वापरतात. मात्र कीर्तनात गुरू ठरलेला कोळी घरातील केरसुणीपासून वाचत नाही, हेही तितकेच खरे. आदर दृष्टान्तातील कोळ्याविषयी असतो; भिंतीवरील कोळ्याला तो क्वचितच लाभतो.

शेतातील संबंध याहून निराळा, उपयोगाचा आहे. भाताच्या बुंध्याशी वावरणारा पार्डोसा प्रजातीचा कोळी तपकिरी तुडतुड्यांचा मोठा शत्रू आहे. पीटर केनमोर यांच्या फिलिपाईन्समधील संशोधनाने १९८० च्या सुमारास असे दाखवून दिले की, कीटकनाशकांनी कोळ्यांसारखे नैसर्गिक शत्रू नष्ट झाले म्हणजे तुडतुड्यांचा प्रादुर्भाव उलट वाढतो. जगातील सर्व कोळी मिळून वर्षाला ४० ते ८० कोटी टन भक्ष्य खातात, असा अंदाज २०१७ साली प्रसिद्ध झाला आहे. घरातील किळस शेतात नेऊन सरसकट फवारणी करणारा शेतकरी आपल्याच राखणदारास मारतो.

अलीकडे जिव्हाळ्याचेही दर्शन घडू लागले आहे. उडी मारणारा कोळी यास विशेष पात्र ठरला, आणि त्याचे कारण त्याच्या रचनेत आहे. त्याच्या आठ डोळ्यांपैकी पुढचे दोन ठळक व मोठे असतात, आणि पाहणाऱ्याकडे तो चेहरा वळवून पाहतो. ज्याला चेहरा आहे त्याच्याशी मनुष्याचे नाते सहज जुळते. महाराष्ट्रात सापडलेल्या अशाच एका नव्या जातीला संशोधकांनी २०२१ साली 'आयसियस तुकारामी' असे नाव दिले. सातारा जिल्ह्यातील केडंबे गावचे सुपुत्र आणि मुंबई पोलीस दलातील तुकाराम ओंबळे यांना २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात एका दहशतवाद्यास जिवंत पकडून देताना वीरमरण आले. त्यांच्या स्मृत्यर्थ हे नामकरण झाले. ज्या प्राण्याचे नाव एखाद्यास देणे एरवी शिवीसारखे वाटले असते, त्याला हुतात्म्याचे नाव देणे हा सन्मान ठरावा, हा भावनेतील मोठा पालट होय.

परंतु जिव्हाळाही सर्वथा निर्दोष नाही. केवळ भारत आणि श्रीलंका येथेच आढळणाऱ्या पोसिलोथेरिया प्रजातीचे रंगीत कोळी परदेशी हौशी लोक घरात पाळतात. या मागणीमुळे रानातील कोळी उचलले जातात. आंध्र प्रदेशातील निळ्या पोसिलोथेरिया मेटॅलिकाची स्थिती तर अत्यंत संकटग्रस्त म्हणून नोंदली गेली आहे. अखेरीस २०१९ साली संपूर्ण प्रजातीचा समावेश वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात करावा लागला. भीतीने घरातला कोळी मरतो, तर प्रीतीने रानातला नाहीसा होतो.

या सर्व उदाहरणांवरून असे दिसते की, प्रतिक्रिया कोळ्याच्या विषाच्या प्रमाणात बदलत नाही. ती तो कोठे आणि कोणत्या नात्याने भेटतो त्यानुसार बदलते. हे नाते शिकलेले असल्यामुळे ते बदलताही येते. स्वीडिश मानसशास्त्रज्ञ लार्स-ग्योरान ऊस्ट यांनी १९८९ साली मांडलेल्या उपचारपद्धतीत तीन तासांपर्यंतच्या एकाच बैठकीत रुग्णाला त्याच्या संमतीने, पायरीपायरीने प्रत्यक्ष कोळ्याजवळ नेले जाते. आणि अनेकांची वर्षानुवर्षांची भीती त्याने ओसरते.

या भागात अशा विषयाची पाहणी करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने एक पथ्य पाळणे इष्ट आहे. 'कोळ्याची भीती वाटते काय' या एकाच प्रश्नाने काहीच निष्पन्न होणार नाही. मराठीत भीती, धास्ती, किळस आणि शिसारी हे शब्द वेगवेगळे आहेत, आणि लोक ते विचारपूर्वक वापरतात. परभाषेतील प्रश्नावलीचे भाषांतर करताना या चारींचा एक शब्द केला, की नेमका अभ्यासाचा विषयच हातचा जातो. कोणता कोळी, घरात की शेतात, अंगावर की भिंतीवर, आणि त्याविषयी प्रथम कोणाकडून ऐकले, हे विचारले पाहिजे. ज्या घरात पालीच्या चुकचुकण्याने माणसे दचकतात, तेथे कोळ्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही, असे आढळणेही शक्य आहे. तसे आढळल्यास तीही नोंद तितकीच मोलाची ठरेल.